बॉल पायथन नव्या घरात रुळावा म्हणून

पाळण्यासाठी बॉल पायथन हा साप घरी आणला की पहिल्या आठ-दहा दिवसांत बहुतेकांना एकच काळजी लागते. तो काही खात नाही, दिवसभर लपून राहतो, हात लावला की डोके मधोमध दडवून अंगाचा घट्ट गोळा करतो. मग त्याचे काही बिनसले आहे का? बहुधा काहीच बिनसलेले नसते. अनोळखी जागी आलेला हा साप त्याच्या जातीला शोभेल असेच वागत असतो. अडचण पुढे सुरू होते, कारण काळजीपोटी माणसे त्याला रोज उचलून पाहतात, दर दोन दिवसांनी उंदीर पुढे धरतात, त्याच्या लपण्याच्या जागा हलवतात, आणि जो साप पंधरवड्यात स्थिरावला असता तो दोन महिने अस्वस्थ राहतो. कुत्रा किंवा मांजर मायेने रुळते, तसा साप रुळत नाही. हवी तेव्हा ऊब मिळते, हवा तेव्हा अंधार मिळतो आणि आपल्याला कोणी ओढून बाहेर काढत नाही, असा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा यावा लागतो. त्यामुळे मालकाचे बरेचसे काम साप घरी येण्याआधीच पुरे व्हायला हवे.

हा अजगराच्या कुळातील साप असला तरी आपल्याकडच्या भारतीय अजगरापुढे तो अगदी लहान असतो. पूर्ण वाढलेला बॉल पायथन साधारण तीन ते पाच फूट भरतो आणि माद्या नरांपेक्षा मोठ्या व जाड असतात. तो विषारी नसतो. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात आणि तिथे तो सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. त्याचे मूळ घर पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेश, म्हणजे सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतचा पट्टा. बेनिन देशातील विदा या गावात अजगरांचे एक देऊळच आहे आणि तिथे या सापाला पवित्र मानून जपले जाते. रानात तो दिवस उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. बिळातील हवा उबदार, दमट आणि काळोखी असते आणि जागा इतकी अरुंद असते की सापाच्या अंगाला सर्व बाजूंनी माती लागते. आपण घरात ठेवतो ती पेटी या बिळाची जागा घेणार असते, एवढे मनात पक्के धरले तर पुढच्या बहुतेक सूचनांची कारणे वेगळी सांगावी लागत नाहीत.

विकत घेताना पहिली चौकशी त्याच्या जन्माची करावी. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून अनेक दशके हे साप निर्यात होत आले आहेत. त्यांतील पुष्कळ पिल्ले रानातून आणलेल्या अंड्यांतून किंवा पकडलेल्या गाभण माद्यांच्या अंड्यांतून निघतात. अशा सापांत जंत व माइट नावाच्या बारीक गोचिड्या आढळण्याची शक्यता जास्त असते आणि ते खायला उशिरा लागतात. कैदेतच वाढलेल्या आईबापांचे, आधीपासून खात असलेले पिल्लू घेणे सापाच्याही हिताचे आणि आपल्याही. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या व्यावसायिकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, तो पाहायला मागण्यात संकोच करू नये. त्याच वेळी सापाने शेवटचे कधी खाल्ले, उंदराचे पिल्लू खाल्ले की रॅट या मोठ्या उंदराचे, गोठवलेले की जिवंत, केवढ्या आकाराचे, आणि कात शेवटची कधी टाकली, हे सारे लिहून घ्यावे. रंगांचे निरनिराळे प्रकार महाग विकले जातात, पण त्यांतील ‘स्पायडर’ या प्रकारात डोके डुलण्याचा, तोल न सांभाळण्याचा जन्मजात दोष असतो. नवख्या माणसाला तो घाबरल्याचे लक्षण वाटू शकतो. माझ्या मते असे पिल्लू घेऊच नये, म्हणजे त्याच्या पैदाशीलाही उत्तेजन मिळत नाही.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी कायदा आधी समजून घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशातील साप पाळता येत नाहीत, आणि भारतीय अजगर तर सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून या करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी २०२४ मध्ये नियम निघून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सोय झाली. मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातून हे साप पकडले गेले आहेत. कागदपत्रांशिवाय स्वस्तात मिळणारा साप अशाच वाटेने आलेला असू शकतो, तेव्हा तो घेऊ नये.

आता पेटीकडे वळू. सापाला स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून ती टिकवता येत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. अन्न पचणे, रोगाशी झुंजणे, हालचाल करणे हे सर्व त्या उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून पेटीत एकच तापमान ठेवून चालत नाही. एका टोकाला गरम जागा हवी, दुसऱ्या टोकाला थंड, आणि दोन्हींमध्ये साप आपल्या गरजेप्रमाणे ये-जा करू शकला पाहिजे. गरम टोकाच्या पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २४ ते २६ अंश असावे. रात्री दोन-तीन अंश खाली गेले तरी बिघडत नाही. ही उष्णता खालच्या हीट मॅटने द्या किंवा वरून सिरॅमिक हीटरने द्या, पण ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही देऊ नये. नुसता मॅट किंवा दिवा किती तापेल यावर कोणाचे नियंत्रण नसते, आणि तापलेल्या पृष्ठभागापासून सापाने वेळीच दूर व्हावे ही अपेक्षा चुकीची ठरते, कारण अनेक साप भाजेपर्यंत तिथेच पडून राहतात. पेटीच्या आत दिवा किंवा हीटर असेल तर त्याला जाळीचे आवरण हवे, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर सापाला हलवता येणार नाही असा पक्का बसवावा आणि त्याच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने दोन्ही टोके मोजावीत. साप आणण्याआधी किमान चार-पाच दिवस ही सारी व्यवस्था रिकाम्या पेटीत चालू ठेवून पहाटेचे सर्वांत कमी आणि दुपारचे सर्वांत जास्त तापमान लिहून ठेवले, तर नंतर साप आत असताना सारखे झाकण उघडावे लागत नाही.

दमटपणाचा हिशेब थंड देशांतील घरांत हमखास चुकतो. सापाला साधारण ६० ते ७५ टक्के आर्द्रता हवी असते, आणि ब्रिटनमध्ये किंवा उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात घर तापवायला सुरुवात झाली की खोलीतील हवा कोरडी होत जाते. वरून सारखे पाणी फवारले तर तासाभरात ते उडून जाते. त्यापेक्षा नारळाच्या भुशाचा तीन-चार इंचांचा थर घालून त्याच्या कडेने खालच्या थरात पाणी मुरू द्यावे, म्हणजे तळ ओलसर आणि वरचा भाग कोरडा राहतो. वरचा भाग सतत ओला राहिला तर पोटाखालचे खवले कुजू लागतात. देवदाराचा भुसा स्वस्त आणि सुवासिक असला तरी त्यातील तेलांचा श्वसनाला त्रास होतो, म्हणून तो वापरू नये. पाण्याचे भांडे जड आणि साप आत मावेल एवढे मोठे असावे.

लपण्याच्या जागा दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि त्या दोन्ही सारख्याच असाव्यात. लपण्याची जागा एकाच टोकाला असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून एकाची निवड करावी लागते. बॉल पायथन बहुतेक वेळा आडोसा निवडतो. मग गारठ्यात बसून तो खात नाही आणि मालक अन्नात दोष शोधत राहतो. ही जागा ऐसपैस असून उपयोगाची नाही. साप आत वेटोळे करून बसला की त्याची पाठ आणि बाजू भिंतींना टेकल्या पाहिजेत आणि आत-बाहेर करायला एकच लहान दार असावे. पिल्लाला मोठ्या पेटीत ठेवले की ते घाबरते, असे दुकानदार पूर्वीपासून सांगत आले आहेत. माझ्या मते घाबरवते ती पेटीतली मोकळी, उघडी जमीन. कृत्रिम पाने, बुचाच्या सालीचे तुकडे, फांद्या यांनी मधली जागा भरली की पिल्लू मोठ्या पेटीतही निर्धास्त फिरते. पूर्ण वाढलेल्या सापाला चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी लागतेच. काचेच्या टाकीच्या तीन बाजू पहिल्या महिन्यात जाड कागदाने झाकाव्यात.

सापाला आणताना कापडी पिशवीत घालून ती भोके पाडलेल्या बंद खोक्यात ठेवावी आणि गाडीत आधीच ऊब करून घ्यावी. घरी पोहोचल्यावर पिशवीचे तोंड सैल करून ती पेटीत, लपण्याच्या जागेजवळ ठेवावी आणि झाकण लावावे. तो स्वतः बाहेर येईल. कधी पाच मिनिटांत येईल, कधी मध्यरात्रीनंतर. त्याला पिशवीतून ओतून काढण्याची घाई नको.

पुढचे सात ते दहा दिवस पेटीत हात घालायचा तो फक्त पाणी बदलण्यासाठी आणि विष्ठा दिसली तर ती उचलण्यासाठी. ही गोष्ट सर्वांत अवघड असते, विशेषतः घरात मुले असतील तर. ज्या घरात पाहुण्यांची ये-जा असते, तिथे ‘एकदा दाखव ना’ असा आग्रहही होतो. तो प्रेमानेच असतो, पण ठामपणे नाही म्हणावे. दूरदर्शनचा स्पीकर, कपडे धुण्याचे यंत्र, धाडकन लागणारे दार यांपासून पेटी लांब असावी. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतली कंपने जबड्याच्या हाडांतून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोहोचतात. नागपंचमीच्या सवयीने कोणी वाटीभर दूध पुढे करील, तेही थांबवावे. साप पाणी पितात, दूध त्यांना पचत नाही.

या दिवसांत दुरून पाहण्यासारखे मात्र भरपूर असते. दिवसा लपून राहणे, रात्री सावकाश फेरफटका मारणे आणि जीभ लांब, संथ लयीत आतबाहेर करणे ही स्वस्थतेची लक्षणे आहेत. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढून रोखून पाहणे म्हणजे ‘जवळ येऊ नकोस’. भर दिवसा सतत काचेला नाक घासत फिरणे, गरम बाजूकडे कधीच न फिरकणे किंवा तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहणे, यांपैकी काही दिसले तर सापाला हात न लावता आधी थर्मामीटर, आर्द्रतामापक आणि लपण्याच्या जागा तपासाव्यात. भांड्यात पडून राहणारा साप बहुधा उकाड्याने, कोरड्या हवेने किंवा अंगावरच्या गोचिड्यांनी हैराण असतो.

खाण्याचा प्रश्न निघण्याआधी घरातल्या सर्वांशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. हा प्राणी आयुष्यभर अख्खे उंदीरच खाणार आहे आणि त्याला शाकाहारी पर्याय नाही. गोठवलेले उंदीर फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, आणि ज्या घरात मांसमच्छी शिजत नाही तिथे ते मटाराच्या पिशव्यांशेजारी ठेवायला कोणाची ना नाही, असे गृहीत धरता येत नाही. वेगळा छोटा फ्रीझर घेणे हा त्यावरचा उत्तम तोडगा आहे, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही तोच बरा.

पहिले अन्न सात दिवसांनंतर द्यावे आणि ते विकणाऱ्याकडे तो जे खात होता तेच असावे. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा. लहान पिल्लांसाठी सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हे माप चालते, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला १० ते १५ ग्रॅमचा उंदीर. तो रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावा आणि देण्याआधी पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह वापरू नये, कारण त्यात उंदीर काही ठिकाणी शिजतो आणि काही ठिकाणी बर्फच राहतो. बॉल पायथनच्या ओठांच्या कडेने लहान खड्ड्यांची एक ओळ दिसते. त्या खड्ड्यांनी त्याला समोरच्या वस्तूची उष्णता जाणवते, आणि अंधारात भक्ष्य ओळखण्याचे ते त्याचे मोठे साधन आहे. त्यामुळे वितळलेला पण गार उंदीर वासाने ओळखूनही तो पुष्कळदा सोडून देतो. पृष्ठभाग ३८ ते ४० अंशांपर्यंत तापला आणि पोटाशी बोट लावून पाहिल्यावर आतला गारठा गेलेला असला, म्हणजे उंदीर तयार झाला.

संध्याकाळी उशिरा, खोलीतले दिवे मंद करून, लांब चिमट्याने उंदीर लपण्याच्या जागेच्या दारापासून काही इंचांवर धरावा. आधी दारातून नुसते नाक दिसते. जीभ दोन-तीनदा सावकाश बाहेर येते, मग तिचा वेग वाढतो, मान हळूच मागे जाते आणि काही काळ काहीच हलत नाही. या क्षणी उंदीर तोंडाजवळ नेण्याचा मोह होतो, पण तसे केले की तो दचकून आत जातो. चिमटा स्थिर ठेवला तर झेप डोळ्यांना नीट दिसणारही नाही इतक्या वेगाने पडते आणि लगेच दोन-तीन विळखे बसतात. यानंतर चिमटा सोडून खोलीतून निघून जावे. गिळायला त्याला बराच वेळ लागतो आणि मध्येच कोणी डोकावले तर तो भक्ष्य टाकून देऊ शकतो.

त्याने घेतले नाही तर उंदीर रात्रभर पेटीत ठेवून सकाळी फेकून द्यावा आणि पूर्ण आठवडाभर पुन्हा प्रयत्न करू नये. रोज विचारणा करणे हा पहिल्या महिन्यात सापाला सर्वाधिक छळणारा प्रकार आहे, असे मला वाटते. जिवंत उंदीर सोडण्याचा सल्ला कोणी देईल, पण घाबरलेला उंदीर सापाला खोल चावे घेतो आणि उंदराचेही हाल होतात. त्यापेक्षा उंदीर आणखी उबदार करून पाहावा, खोली आणखी अंधारी करावी आणि सारी तापमाने पुन्हा मोजावीत. पूर्ण वाढलेला निरोगी बॉल पायथन, विशेषतः हिवाळ्यात नर, काही महिने न खाता राहू शकतो. पिल्लाजवळ तेवढा साठा नसतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा डब्यात घालून वजन घ्यावे. वजन टिकून असेल तर थांबायला हरकत नाही. ते दहा टक्क्यांनी घटले तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे न्यावे. तोंड उघडून बळजबरीने भरवणे हे घरी करायचे काम नव्हे. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला उचलू नये. गिळलेले त्याने उलटून टाकले तर दहा ते चौदा दिवस पोटाला विश्रांती द्यावी आणि मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्यावा.

दोन-तीन वेळा आपणहून खाऊन झाले की हाताळायला सुरुवात करता येते. आधी हात धुवावेत, कारण बोटांना उंदराचा वास असेल तर साप हातालाच भक्ष्य समजेल. वरून झडप घातल्यासारखा हात नेला तर त्याला शिकारी पक्षी आल्यासारखे वाटते, म्हणून हात बाजूने न्यावा, आधी अंगाच्या मध्यभागी हलकेच स्पर्श करावा आणि दोन्ही तळव्यांवर पूर्ण शरीर पेलावे. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. नंतर पुन्हा साबणाने हात धुणे कटाक्षाने पाळावे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्यांचा धोका अधिक असतो. सापाचे भांडे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नये.

रुळण्याच्या काळातच पहिली कात आली तर नवा मालक घाबरतो. अंग निस्तेज होते, पोट गुलाबीसर दिसते, डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा येतो आणि साप खाणे नाकारतो. दृष्टी अंधुक झाल्याने तो अधिक बुजतो, म्हणून या आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला उचलू नये आणि ओलसर शेवाळ भरलेला एक झाकणाचा डबा दार कापून आत ठेवावा. दमटपणा पुरेसा असेल तर कात पायमोज्यासारखी उलटी होत सलग निघते. तिच्या डोक्याच्या भागात डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक चकत्या आल्या आहेत का, ते उजेडात धरून पाहावे. चकती डोळ्यावरच राहिली असेल तर ती नखाने किंवा चिमट्याने ओढू नये. दमटपणा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी आणि तेव्हाही ती निघाली नाही तर पशुवैद्याला दाखवावे.

काही लक्षणांवर मात्र थांबून चालत नाही. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाबरोबर घरघर किंवा टिकटिक ऐकू येणे, नाकपुड्यांशी बुडबुडे दिसणे, मान सतत वर ताणून धरणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची चिन्हे आहेत आणि त्याला औषध लागते. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या तळाशी खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके दिसले तर त्या गोचिड्या असतात. घरात दुसरा साप असेल तर नवा साप निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याचे चिमटे व भांडी वेगळी असावीत, आणि रोजची कामे आधी जुन्या सापाची व शेवटी नव्याची करावीत. पहिल्या महिन्यात विष्ठेचा ताजा नमुना तपासून घेतला तर जंतांचे निदान वेळेवर होते.

तारीख, वजन, खाल्ले की नाकारले, कात आणि विष्ठा यांची नोंद एका वहीत पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण पशुवैद्य सर्वांत आधी हेच विचारतो. हा साप वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, सात अंडी घातली होती. इतक्या वर्षांत घर बदलेल, देश बदलेल, कदाचित सांभाळणारे हातही बदलतील. तेव्हा ती वही सापाबरोबर पुढच्या माणसाकडे द्यावी.